गाइड रेल आणि हवेची पकड

आठ बाय चारचा प्लाय लांबीत फाडायचा तर करवतीला वाट दाखवणारी पट्टी लागते, आणि काप संपेपर्यंत ती जागची हलता कामा नये. २४४० मिलिमीटरच्या कापात पट्टीचे एक टोक एका मिलिमीटरने सरकले, तर कपाटाच्या दोन दारांमधली फट वर दोन मिलिमीटर आणि खाली तीन मिलिमीटर होते. गुण्या लावून पाहणाऱ्याला हा फरक सापडेल न सापडेल, पण रोज ते कपाट उघडणाऱ्याच्या डोळ्याला तो खटकत राहतो. म्हणून पट्टी कशी धरून ठेवायची, हा प्रश्न मला पात्याच्या धारेइतकाच मोलाचा वाटतो.

साइटवर काम करणारे आपले सुतार अॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन किंवा कारखान्यातून सरळ कडेची आलेली प्लायची पट्टी घेतात, दोन टोकांना सी-क्लॅम्प आवळतात आणि तिच्या कडेने यंत्र चालवतात. यंत्र पुष्कळदा चार इंची मार्बल कटर असते, लाकडाचे पाते बसवलेले. ते दगड आणि टाइल कापण्यासाठी बनलेले असते. पात्याभोवती आपोआप मिटणारे आवरण त्याला सहसा नसते, आणि पात्यामागे राहून फट उघडी ठेवणारी सुरी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, तर नसतेच. लाकूड पात्यावर आवळले की असे यंत्र मागे उसळते, आणि पट्टी कितीही घट्ट धरली तरी हा धोका जात नाही. त्यामुळे इथून पुढे मी जे लिहीत आहे ते प्लंज सॉ, म्हणजे रेलवर चालणारी आणि वरून खाली दाबता येणारी गोल करवत, तिच्याबद्दल आहे.

या रेलची कल्पना १९६० च्या दशकात जर्मनीतल्या फेस्टो कंपनीने रुजवली. आल्बर्ट फेझर आणि गॉटलिब श्टोल यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची सुतारकामाची अवजारे आज फेस्टूल या नावाने विकली जातात. पुढे बॉश, मकिता, माफेल अशा सगळ्यांनीच आपापल्या रेल काढल्या. रचना साधारण सारखीच असते. अॅल्युमिनियमची साधारण १४०० मिलिमीटर लांबीची चपटी पट्टी, तिच्यावर उभी कड, आणि करवतीच्या तळातली खाच त्या कडेवर बसते. पट्टीच्या काठाला एक पातळ रबरी किंवा प्लास्टिकची झालर असते. नवी रेल वापरताना पहिल्याच कापात करवत ती झालर आपल्या पात्याच्या मापाने छाटते, आणि त्यानंतर झालरीची कड म्हणजेच कापाची रेघ. पेन्सिलच्या खुणेवर कड ठेवली की मोजायचे काही उरत नाही. हीच झालर लाकडाचा पृष्ठभाग दाबून धरते, म्हणून सनमायकाच्या कडेला चिपा उडत नाहीत.

रेलच्या पोटाखाली मऊ रबरी पट्ट्या असतात. बहुतेक कामात त्या एकट्याच रेलला धरून ठेवतात, आणि ते का जमते हे बघण्यासारखे आहे. करवत पुढे जाते तेव्हा पात्याचे पुढचे दात खालून वर येत लाकूड कापतात. दात लाकडाला वर आणि पुढे ढकलतात, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून लाकूड करवतीला खाली आणि मागे, कामगाराच्या दिशेने, ढकलते. म्हणजे कापतानाच करवत रेलवर दाबली जाते आणि रेल फळीवर. मागे येणारा जोर कामगाराच्या हातावर येतो, रेलवर नाही. रेलला सोसावी लागते ती फक्त करवतीच्या तळाची घसट आणि हाताचा थोडाफार तिरका रेटा.

मग वेगळी पकड लागते कधी? पहिली वेळ तिरक्या कापाची. पाते ४५ अंशांत कलले की करवतीचे वजन आणि हाताचा जोर सरळ खाली न जाता बाजूला ओढतो आणि रेल काठाकडे घसरू पाहते. दुसरी वेळ पृष्ठभाग फार गुळगुळीत असेल तेव्हाची. चकचकीत अॅक्रिलिक किंवा हाय-ग्लॉस लॅमिनेटवर बारीक भुसा पसरला की रबरी पट्ट्यांची पकड भुशावर राहते, फळीवर राहत नाही. तिसरी वेळ फळीच्या मध्यातून पाते आत घालायची, कारण आत शिरताना पात्याच्या मागच्या बाजूचे दात लाकडात अडकले तर करवत झटक्यात मागे येते. आणि चौथे कारण अगदी क्षुल्लक वाटणारे, पण माझ्या मते सर्वांत जास्त काप बिघडवणारे: भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमचा पाइप किंवा यंत्राची वायर रेलच्या टोकाला अडकते आणि करवतीबरोबर रेललाही ओढते.

अशा वेळी साधा इलाज म्हणजे रेलच्या पोटातल्या खाचेत सरकणारे क्लॅम्प. त्यांचा वरचा दात खाचेत बसतो आणि खालचा जबडा फळीच्या खाली. फळी टेबलाच्या काठाबाहेर आलेली असेल तर यापेक्षा चांगले काही नाही, आणि हे मी ठासून सांगेन. अडचण येते ती खालचा जबडा घालायला जागा नसते तेव्हा. आपल्याकडे अर्धे काम जमिनीवर होते. प्लाय थर्माकोलच्या जाड शीटवर किंवा फोमवर आडवा टाकतात, पाते त्या फोममध्ये थोडेसे शिरते आणि काप स्वच्छ येतो. पण फळी पूर्ण टेकलेली असल्याने तिच्याखाली क्लॅम्प जात नाही. दोन रेल जोडून आठ फुटांचा काप घ्यायचा असेल तर टोकांना क्लॅम्प लागतात, पण मधला भाग मोकळाच राहतो आणि जोडाजवळ हाताच्या रेट्याने रेल कमानीसारखी बाहेर झुकू शकते. आणि फळीच्या मध्यात चौकोन कापायचा असेल तर काठच हाताशी नसतो.

इथे सक्शन क्लॅम्प कामाला येतो. काच बसवणाऱ्यांच्या हातात दिसणारा रबरी कप तोच, फक्त त्याच्या मुठीऐवजी किंवा मुठीला जोडून एक हात असतो आणि तो रेलला धरतो. कप रेलच्या मागे, पात्याच्या विरुद्ध बाजूला फळीवर चिकटवायचा आणि हात रेलच्या खाचेत अडकवून पिळायचा.

चिकटवायचा असे आपण म्हणतो, पण कप कशालाही चिकटत नाही आणि कशाला ओढतही नाही. कपाच्या आतली हवा कमी केली की बाहेरची हवा त्याला फळीवर दाबते, एवढेच घडते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या थोडा वर असतो. मागदेबुर्गचा ओटो फॉन ग्युरिके याने सतराव्या शतकात हवा उपसणारा पंप बनवला. तांब्याचे दोन अर्धगोल एकत्र टेकवून त्यांच्यातली हवा त्याने काढली, आणि १६५७ मध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपूनही ते अर्धगोल सुटेनात. गोलाचा व्यास सुमारे अर्धा मीटर होता. त्या क्षेत्रफळावर हवेचा जोर जवळजवळ दोन टन भरतो. (एका बाजूचे घोडे सोडून तिथे दोर भिंतीला बांधला असता तरी दोरावरचा ताण तेवढाच राहिला असता. सोळा घोड्यांचा थाट बघणाऱ्यांसाठी होता.)

आता आपल्या कपाचा हिशोब. व्यास १५ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर. आतली ७० टक्के हवा निघाली असे मानू, तर कप फळीवर साधारण १२७ किलो वजनाने दाबला जातो. आकडा मोठा वाटतो, पण रेलला नको आहे ते बाजूला सरकणे, आणि बाजूच्या जोराला हवेचा दाब थेट विरोध करत नाही. तिथे कामाला येते ते घर्षण. कोरड्या, स्वच्छ लॅमिनेटवर रबराचा घर्षणांक ०.५ धरला तर बाजूची ताकद ६४ किलोच्या आसपास येते. वस्तू उचलणाऱ्या व्हॅक्यूम उपकरणांत अशा आडव्या जोरासाठी चौपट सुरक्षितता ठेवायची पद्धत आहे. तेवढी ठेवली तर एका कपावर सुमारे १६ किलोचा भरवसा करता येतो. रेलवर हाताचा जो तिरका रेटा येतो त्यासाठी दोन कप भरपूर झाले.

या हिशोबात एक गोष्ट सहज निसटते. पृष्ठभाग ओला केला की कप जास्त चांगला बसतो, कारण पाण्याची पातळ फिल्म बारीक फटी बुजवते. काच सरळ वर उचलताना हा उपाय ठीक आहे. पण आपल्याला घर्षण हवे आहे, आणि ओल्या पृष्ठभागावर घर्षणच कमी होते. कप सुटणार नाही, पण निवांत सरकेल. म्हणून रेलसाठी कप कोरडाच लावावा.

हवेचा दाबच कमी असेल तर कपाची ताकदही कमी होते. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. महाबळेश्वरला तो १५ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि लेहला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पुण्यात याची काळजी करण्याचे कारण नाही. डोंगरात हॉटेलचे फर्निचर करणाऱ्याने मात्र पेटीवर छापलेली ताकद जशीच्या तशी धरू नये.

खरी अडचण दाबाची नसते, फळीची असते. लाकूड हे मुळात नळ्यांचे बनलेले आहे. झाड जिवंत असताना त्या नळ्यांतून पाणी वर जाते, आणि कापलेल्या फळीत त्यांतूनच हवा फिरते. रंधा मारलेल्या सागवानावर बोट फिरवले तर त्यांची तोंडे लांबट बारीक खोबणींसारखी जाणवतात. कपाची ओठासारखी कड त्या खोबणी बंद करू शकत नाही, आणि हवा बाजूने आत शिरत राहते. कच्च्या सागवानावर किंवा न रंगवलेल्या प्लायवर हाताने पंप केलेला कप लावला तर तो काही क्षण धरतो आणि सुटतो. एमडीएफची गोष्ट जास्त फसवी आहे. तो दिसायला कागदासारखा गुळगुळीत असतो, पण त्याच्या आरपार हवा जाते. सीएनसी राउटर वापरणारे कारखाने याच गुणाचा फायदा घेतात. टेबलावर एमडीएफची शीट टाकतात, तिची वरची कडक साय छाटून काढतात आणि खालून मोठा पंप लावून त्या शीटमधूनच हवा ओढतात. वर ठेवलेली फळी जागेवर बसते. एमडीएफमधून हवा इतकी सहज वाहते, तर त्याच्यावर लावलेल्या कपातली पोकळी कशी टिकेल?

टिकते ती सनमायका, मेलामाइन, पीव्हीसी, अॅक्रिलिक, काच, धातू आणि पॉलिश केलेल्या दगडावर. चांगले सीलर मारून घासलेल्या लाकडावरही टिकते. टेक्श्चर असलेल्या लॅमिनेटवर भरवसा नाही. उठावदार लाकडी रेषा असतील तर मुळीच नाही. नव्या लॅमिनेटवर आणि अॅक्रिलिकवर संरक्षक प्लास्टिकची फिल्म असते. कप त्या फिल्मवर घट्ट बसतो, आणि बाजूने जोर आला की फिल्मच सुटून येते. कप लावायच्या जागेपुरती ती आधी काढावी लागते. चार मिलिमीटरच्या पातळ प्लायवर आणखी वेगळा प्रकार होतो. खालून हवेचा दाब तसाच असतो आणि वर कपात पोकळी असते, म्हणून फळीच फुगून कपात शिरू लागते आणि तिच्याबरोबर कापाची पातळी बिघडते.

कपांचे प्रकार पाहताना मी सर्वांत आधी बघतो तो रबराचा मऊपणा. खटका दाबून बसवायचे साधे कप स्वस्त असतात, पण त्यांचे रबर डुलते. कप जागेवरच असतो, फक्त त्याच्यावरची मूठ एक-दीड मिलिमीटर हलते, आणि आपण तर एका मिलिमीटरसाठी भांडत आहोत. ज्या कपात पोकळी तयार होताच आतला टणक तळ फळीला टेकतो, तोच रेलसाठी घ्यावा. हात लांब नको. कप रेलपासून जितका दूर, तितका जोर त्याच्या एका कडेवर येतो, आणि कप कधीही सुटतो तो कडेकडून सोलला जाऊनच. पण फार जवळ घेतला तर दुसरी अडचण येते. करवतीची मोटर रेलच्या मागच्या बाजूने बाहेर आलेली असते आणि उंच मुठीला धडकते. म्हणून काप घेण्याआधी यंत्र बंद ठेवून करवत एकदा पूर्ण लांबीत फिरवून बघावी.

हाताने पंप करायच्या कपात दट्ट्यावर लाल रेघ असते. पोकळी भरून येऊ लागली की दट्ट्या बाहेर सरकतो आणि रेघ दिसते. हा साधा इशारा मला फार मोलाचा वाटतो, कारण खटक्याचा कप सुटेपर्यंत काहीच सांगत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या कपांत पंप गळती भरून काढत राहतो आणि त्यांची फोमची कड थोड्या खडबडीत पृष्ठभागावरही चालते. ज्या कारखान्यात खिळ्यांच्या गनसाठी कंप्रेसर आधीच आहे, तिथे व्हेंच्युरी बसवून दाबाच्या हवेतूनच पोकळी काढता येते. त्यात हलणारा भाग नसतो, म्हणून बिघडण्यासारखेही फारसे काही नसते.

आणि एक वेगळाच मार्ग आहे. कपाऐवजी रेलच्याच पोटाखाली लांब रबरी सील बसवायचे आणि त्यांच्या मधल्या जागेतली हवा काढायची. जर्मनीतल्या माफेल कंपनीची ‘एरोफिक्स’ रेल या तत्त्वावर चालते. इथे हिशोब उलटा होतो. भुसा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर वातावरणाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी पोकळी करू शकतो, पण तो ओढतो पुष्कळ हवा, म्हणून थोडी गळती त्याला चालते. १४०० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद जागेवर एवढ्याशा पोकळीनेही पावणेतीनशे किलोंच्या आसपास दाब येतो. छोट्या कपात खोल पोकळी करायची, की मोठ्या जागेत उथळ पोकळी राखायची, असे दोन रस्ते आहेत. सच्छिद्र लाकडावर काम करणाऱ्याला दुसरा रस्ता जवळचा, असे माझे मत आहे.

रेल सक्शन कपाने धरण्याची सवय सुतारांआधी टाइलवाल्यांना लागली. तीन-तीन मीटर लांबीच्या पोर्सिलेन स्लॅबवर सरळ चरा मारण्यासाठी इटली आणि स्पेनमधल्या कंपन्यांनी बनवलेल्या पट्ट्यांना कप जोडलेलेच येतात. स्लॅबला क्लॅम्प लावायला काठाशी जागा असली तरी नेमक्या जागी आवळलेला स्क्रू पातळ पोर्सिलेनला तडा देऊ शकतो, आणि तिथला पृष्ठभाग कपासाठी अगदी योग्य असतो. घरात ग्रॅनाइट किंवा मोठ्या टाइल बसवून घेताना हे अवजार आपल्याकडेही दिसू लागले आहे.

कपाची निगा सोपी आहे. वापरण्याआधी कपाची कड आणि फळी, दोन्ही स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावीत. लाकडाच्या भुशाचा एक कणही कडेखाली आला तर तिथून हवा शिरते. रबर थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नये, त्याने ते फुगते आणि पुढे तडकते. उन्हात टाकलेल्या कपाची कडही कडक होते. कप ठेवताना कडेवर वजन येऊ देऊ नये, कारण एकदा वाकलेली कड पुन्हा सपाट बसत नाही.

सक्शनचा खरा उपयोग पाहायचा तर युरोपातल्या स्वयंपाकघरात बघावा. तिथे ओट्यावर ३८ मिलिमीटर जाड, लॅमिनेट लावलेली चिपबोर्डची पाटी असते आणि सिंकसाठी तिच्या मध्यात चौकोन कापावा लागतो. पाटी जागेवर बसवून झालेली असेल तर खालून क्लॅम्प लावणे कठीण. पुढच्या कडेला सिंकसमोर फक्त काही सेंटिमीटरची चिंचोळी पट्टी उरते आणि रेल तिच्यावर मावत नाही. म्हणून रेल आतल्या, टाकून द्यायच्या तुकड्यावर ठेवावी लागते आणि कपही त्याच तुकड्यावर लावावे लागतात. चारही बाजूंचे काप घेऊन झाले की तो तुकडा फक्त कोपऱ्यांवर टिकून राहतो आणि रेल, कप आणि करवतीसकट खाली जाऊ शकतो. त्याआधी कपाटाच्या आतून तुकड्याला टेकू द्यावा लागतो. गोल पाते कोपऱ्यापर्यंत तळाला पोहोचत नाही, म्हणून चारही कोपरे शेवटी जिगसॉने पुरे करायचे. त्या वेळी रेलचे काम संपलेले असते. तिचा कप मोकळा करून तुकड्याच्या मध्यावर लावला की तोच मूठ होतो आणि एका हाताने तुकडा धरून ठेवता येतो. नाहीतर शेवटच्या सेंटिमीटरला तो स्वतःच्या वजनाने तुटतो आणि ओट्याच्या लॅमिनेटची एक कपची बरोबर घेऊन जातो.